मिस्त्रींनी पाहिलेला तुतवार

दसरा झाला की आमच्या गटातल्या लोकांचे फोन सुरू होतात. "सर, यंदा कधी?" मी उगीच थोडा भाव खातो. तिथी बघायचीय, भरती-ओहोटीचं गणित बसवायचंय, गाडीवाल्याशी बोलायचंय, असं काहीबाही सांगतो. खरं तर तारीख मी गणपतीतच काढून ठेवलेली असते. कोल्हापूरला समुद्र नाही. आम्हाला समुद्राचे पक्षी बघायचे म्हणजे शनिवारी दुपारी रंकाळ्यापासून निघायचं, गगनबावड्याचा घाट उतरायचा, देवगडच्या अलीकडं एका खाडीकाठच्या गावात मुक्काम करायचा आणि रविवारी सकाळी ओहोटी लागली की पुळणीवरून खाडीच्या तोंडापर्यंत चालत जायचं. थंडीच्या देशांतून निघालेले पक्षी त्या सुमारास तिथं येऊन पोचलेले असतात. पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या चिखलात शेकड्यांनी उतरतात आणि चोची खुपसत फिरतात. पुढं असतो मी, मागं दहा-बारा जण. कुणी बोलायचं नाही, भडक कपडे घालायचे नाहीत, मी हात वर केला की जागच्या जागी थांबायचं.

मी जीवशास्त्राचा मास्तर. हायस्कूलमध्ये तीस वर्षं काढली. निवृत्त झालो, पण मास्तरकी काही अंगातून गेली नाही. या सहलीतही मी हजेरी घेतो, हे आमच्या गटात सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्या पाठीमागं त्यावर हसतात, हे मला माहीत आहे.

माझा सगळ्यात लाडका नियम यादीचा. चालणं संपलं की आम्ही गावातल्या खानावळीच्या पडवीत बसतो. मासे तळून येईपर्यंत मी वही उघडून दिसलेल्या पक्ष्यांची नावं एकेक करून वाचतो. प्रत्येक पक्ष्यापुढं तो सगळ्यात आधी ज्यानं पाहिला त्याचं नाव लिहायचं. पण एकट्यानं पाहिलेला पक्षी यादीत घ्यायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी हात वर करून "मीही पाहिला" म्हणायला हवं. हा नियम मी केला कारण पहिल्याच वर्षी एका उत्साही गृहस्थांनी प्रत्येक घार गरुड म्हणून लिहायला लावली होती. नियम चांगला होता, असं मला अजूनही वाटतं. त्याचा मी काय उपयोग केला, तो भाग वेगळा.

मिस्त्री आमच्यात आले ते एका शेजाऱ्याच्या ओळखीनं. उचगावचे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होते, ओतलेल्या लोखंडी भागांच्या कडा घासायच्या खात्यात. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, म्हणून आम्हीही. अंगानं आडवे, पांढऱ्या मिशा, हाताची बोटं जाड आणि बारीकसारीक डागांनी भरलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "सर, कानानं वाईच कमी हाय मी. त्या मशिनींनी खाल्ला कान. मोठ्यानं बोलत जावा." मी मान डोलावली. शाळेत जूनमध्ये पालक येऊन मुलांची दुखणी सांगायचे, तेव्हा डोलवायचो तशीच.

पक्ष्यांचा नाद त्यांना कारखान्यातच लागला. भंगाराच्या ढिगापाशी खडीत एका टिटवीनं अंडी घातली होती. मिस्त्रींनी चार रिकामे ड्रम आणून भोवती उभे केले आणि महिनाभर ट्रकवाल्यांना वळसा घालून जायला लावलं. मॅनेजर विचारायला आला तर त्यालाही सांगितलं, "साहेब, बाळंतीण हाय ती." हा किस्सा त्यांनी आम्हाला घाटात सांगितला, आणि गाडीच्या इंजिनाच्या वर त्यांचा आवाज असा होता की घाट उतरेपर्यंत ड्रायव्हरलाही पाठ झाला असावा.

त्यांचा आवाज हीच अडचण होती. आम्ही कोल्हापूरची माणसं तशी हळू बोलणारी नव्हेच. पण मिस्त्रींचं त्यापुढचं होतं. आयुष्यभर मशिनींच्या वरताण बोललेला माणूस, आणि स्वतःचा आवाज स्वतःलाच नीट ऐकू येत नाही. नजर मात्र विलक्षण. कुठून तरी जुनी दुर्बीण मिळवली होती, ती डोळ्याला लावायच्या आधीच त्यांना पक्षी दिसलेला असायचा. दिसला की आनंद मावायचा नाही. "त्यो बघा की! त्यो बघा, काळा-पांढरा!" आणि तो काळा-पांढरा जो उडायचा तो थेट खाडीपल्याड. आम्ही वळून बघेपर्यंत चिखलावर नुसती पावलं. मग पडवीत यादी वाचताना मिस्त्री हात वर करायचे, मी विचारायचो, "दुसरं कुणी पाहिला?" आणि कुणीच पाहिलेला नसायचा.

दोन वर्षं हे असंच चाललं. वहीत त्यांच्या नावावर एकही पक्षी नाही. ते स्वतःच त्यावर चेष्टा करायचे, "सर, आमचं नाव कवा लागायचं बोर्डावर?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पण परतीच्या वाटेवर ते माझ्याकडं वही मागून घ्यायचे आणि सगळी यादी वाचायचे. कुणाच्या नावावर किती, ते बोटानं मोजायचे. एकदा म्हणाले, "नातीला दावायचं हुतं. आज्जाचं नाव वहीत हाय म्हणून." हे मी ऐकलं होतं. म्हणजे त्यांना काय हवं होतं, ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही दिवाळीनंतर गेलो. पहाटे हवेत गारवा होता, ओहोटी छान लागली होती. मिस्त्रींनी माझ्या सूचनेप्रमाणं मुद्दाम मातकट रंगाचा नवा शर्ट शिवून घेतला होता. मला दाखवून म्हणाले, "बघा, आता मी चिखलात दिसतोय का?" मी म्हणालो, "दिसायचं राहू द्या मिस्त्री, ऐकू येणार नाही तेवढं बघा." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शहाण्या मुलासारखे चालायला लागले.

खाडीच्या तोंडाशी तुतवारांचा थवा उतरला होता. तुतवार म्हणजे मुठीएवढे, राखी-तपकिरी, सारखे पळत राहणारे पक्षी. लांबून बघितलं तर चिखलच हलतोय असं वाटतं. दीडदोनशे तरी असतील. मी हात वर केला, सगळे थांबले. मिस्त्री चालण्याच्या नादात माझ्याही पुढं पन्नासएक पावलं गेलेले, त्यांना माझा हात दिसला नाही. मी तिपाई उभी करून दुर्बीण लावत होतो. आमच्यातले एक डॉक्टर गुडघ्यावर बसून कॅमेरा जुळवत होते. मनात म्हटलं, आज सगळ्यांना एकेक करून नीट दाखवतो, त्यांची चोच, त्यांचे पाय.

आणि मिस्त्री ओरडले. "सर! सर! पायात कडं हाय त्याच्या! हिरवं कडं! त्यो डावीकडचा, बघा की!"

सगळा थवा एकदम उठला. एकदा पांढरा चमकला, एकदा काळा, आणि वळसा घेऊन समुद्राच्या बाजूला गेला. मी दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा समोर नुसता ओला चिखल होता. मिस्त्री धावत माझ्याकडं येत होते, चेहरा फुललेला, स्वतःच्याच पायाला हात लावून कडं कुठं होतं ते दाखवत होते.

मी भडकलो. भडकलो म्हणजे काय, तोंड सुटलं माझं. म्हणालो, "मिस्त्री, हा तुमचा कारखाना नव्हे! इथं यायचं असेल तर तोंड बंद ठेवून यायचं. बारा माणसं एवढा घाट उतरून आलीत, ती काय तुमचं बोंबलणं ऐकायला? कडं म्हणे! शेवाळ लागलं असेल पायाला!" माझं बोलणं त्यांना एरवी दोनदा सांगावं लागायचं. एवढं मात्र पहिल्याच झटक्यात ऐकू गेलं. हसू तसंच चेहऱ्यावर थोडा वेळ राहिलं आणि मग हळूहळू गेलं. मागं कुणीतरी पाण्याची बाटली उघडली.

पडवीत मी यादी वाचली. कुरव, सुरय, राखी बगळा, खंड्या. तुतवारांवर आलो तेव्हा मिस्त्रींनी अर्धा हात वर केला. खांद्यापर्यंतच.

"कड्याचा?" ते म्हणाले.

"दुसऱ्या कुणी कडं पाहिलं?" मी विचारलं. सगळे ताटाकडं बघत होते. "मग नाही घेता येणार. नियम म्हणजे नियम."

"व्हय की. बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी नेहमीप्रमाणं घरून आणलेला मिरचीचा खर्डा सगळ्यांना वाढला. माझ्या ताटात जरा जास्तच घातला. परतीच्या वाटेवर मात्र वही मागितली नाही. घाटात कुणीतरी म्हणालं, आज गाडी कशी शांत-शांत वाटते. मलाही तेव्हा ते बरंच वाटलं, हे इथं लिहून ठेवतो.

चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. थवा उठला तेव्हा त्यांचं बोट दचकून कॅमेऱ्यावर दाबलं गेलं होतं आणि धडाधड पंचवीस-तीस फोटो निघाले होते. घरी संगणकावर मोठे करून बघताना एका तुतवाराच्या पायात हिरवी पट्टी दिसली. पट्टीवर अक्षरंही होती. दूर उत्तरेकडच्या देशांत अभ्यास करणारी माणसं पक्ष्यांच्या पायात अशा पट्ट्या घालतात. कुठं दिसली तर कळवायचं, म्हणजे तो पक्षी कुठून कुठं गेला ते समजतं. इतक्या वर्षांत आमच्या गटाला असा पक्षी कधीच मिळाला नव्हता. मी फोनवर डॉक्टरांचं अभिनंदन केलं. मिस्त्रींचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

माहिती कळवायचा फॉर्म मी भरला, कारण इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडं असतो. त्यात "पक्षी पाहणाऱ्याचं नाव" असा रकाना होता. तिथं माझा हात थांबला. खोटं कशाला सांगू, चांगला पाच मिनिटं थांबला. मिस्त्रींचं नाव लिहायचं तर डॉक्टरांना सांगावं लागणार, डॉक्टर गटात सांगणार, आणि पुळणीवर मी काय बोललो होतो ते सगळ्यांना आठवणार. मग मी स्वतःला पटवलं की पुरावा फोटोचा आहे, नियमाप्रमाणं एकट्याचं पाहणं धरत नाहीत. डॉक्टरांचं नाव लिहिलं. त्याच्या खाली गटप्रमुख म्हणून माझं. रकान्यात अजून दोन नावं बसतील एवढी जागा शिल्लक होती.

डॉक्टरांनी फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. धबधब्यासारखी अभिनंदनं आली. मी दर थोड्या वेळानं फोन उघडून बघत होतो, मिस्त्री आता लिहितील, "मी सांगत हुतो की न्हाय?" त्यांनी लिहावं असं मला वाटत होतं. लिहिलं असतं तर मला चिडता आलं असतं, किंवा नाइलाजानं का होईना, कबूल करता आलं असतं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला. जोडलेले हात आणि "लय भारी डॉक्टर". बस्स.

पुढं एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. तो फोटो मी पडद्यावर मोठा करून दाखवला. मागून एका मुलीनं विचारलं, "सर, एवढ्या थव्यात एकाच्या पायातली एवढीशी पट्टी दिसते कशी?" मी म्हणालो, "सरावानं." टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्यात, शाळेत तपासणीच्या वेळी तर ढिगानं मारल्यात, पण या एका शब्दाइतकी लाज कशाचीच वाटली नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणालो, कॉलेजात वडापाव खाल्लाय.

उत्तरेकडून पत्र आलं. पक्षी त्याच वर्षी तिकडच्या उन्हाळ्यात जन्मलेला होता, पंख फुटले न फुटले तोच निघालेला. खाली आभार, आणि दोन नावं. डॉक्टरांचं आणि माझं.

पुन्हा दसरा झाला. सगळ्यांचे फोन आले, मिस्त्रींचा आला नाही. मी वाट बघितली आणि मग एका सकाळी ते पत्र पिशवीत घालून उचगावला गेलो. ठरवून गेलो होतो. सगळं सांगायचं, माफी मागायची, आणि फॉर्मवर नाव घालून घेण्यासाठी नवीन पत्र पाठवतो म्हणायचं. स्कूटरवर वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

दारात अंगणभर भुईमुगाच्या शेंगांचे वेल पडले होते. गल्लीतल्या पाच-सहा बायका बसून शेंगा तोडत होत्या. मिस्त्रींच्या मंडळींनी मला बघितलं आणि हात झटकत उठल्या. "या की सर! आत कशाला, हितंच बसा, वारं हाय." मला खुर्ची दिली, मिस्त्रींना हाक मारली. मग माझ्याकडं बघून हसत म्हणाल्या, "काय केलंसा सर ह्यास्नी समुद्रावर? तवापास्नं आवाजच गेलाय बघा. आदी गल्लीला ऐकू जायचं, आता मला सुदिक जात न्हाय. दोन शबुद बोलत्यात आन इचारत्यात, लय मोठ्यानं बोललो का म्हणून." शेंगा तोडणाऱ्या बायका हसल्या. मीही हसलो असेन.

मिस्त्री बाहेर आले. मिशा तशाच, शर्ट तोच मातकट रंगाचा, घरात वापरायला काढलेला. खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढून बसले. ओठ हलले, मला काही कळलं नाही. मी वाकून कान पुढं केला.

"यंदा न्हाय जमायचं सर. गुडघा धरलाय," ते म्हणत होते. "फोटो बाकी झ्याक आलता डॉक्टरचा."

चहा आला. मी पिशवीतून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. इंग्रजी होतं, पण त्यांनी ते सगळं वाचल्यासारखं बघितलं. जाड बोट ओळींवरून हळूहळू खाली येत गेलं आणि त्या दोन नावांवर थांबलं. मग परत वर गेलं, पहिल्या ओळीपासून पुन्हा खाली आलं. कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. नीट घडी घातली आणि मला परत दिला.

"लय लांबनं आलता की बिचारा," ते पुटपुटले.

मी म्हणालो, "मिस्त्री, तो पक्षी तुम्ही पाहिलात. माझं चुकलं."

त्यांनी कानामागं तळवा धरला आणि पुढं वाकले. "काय म्हणलासा?"

पाठ केलेली वाक्यं सगळी आठवत होती, पण ती ओरडून म्हणावी लागणार होती, हे स्कूटरवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शेंगा तोडणारे हात थांबले होते. बायका माझ्याकडं बघत होत्या, मिस्त्रींच्या मंडळी उंबऱ्यात उभ्या होत्या. पुळणीवर बारा जणांसमोर त्यांचा अपमान करताना माझा आवाज चढवावा लागला नव्हता, आपोआप चढला होता. आता मुद्दाम चढवायचा म्हटलं तर चढेना.

"चहा झकास झालाय म्हणलं!" मी ओरडलो.

"व्हय की!" मिस्त्रींचा चेहरा खुलला. "घरच्या म्हशीचं दूध हाय." मंडळी आत वळल्या होत्या. मिस्त्री दाराकडं मान वळवून, अगदी हळू, म्हणाले, "अगं, सरास्नी आणि एक कप आण."

आतून कुणी आलं नाही. ऐकूच गेलं नव्हतं.